राहिलेल्या घरांची धाव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला रविवारी आडवं पळावंसं वाटलं, तर त्यात नवल ते काय? आठवडाभर बिचारा वर नि खाली. तळाच्या खड्ड्यात उतरून तेलकट चिंध्या गोळा करायच्या, गच्चीवरच्या खोलीत चढून मोटरचा ब्रेक बघायचा, मधल्या मजल्यांवर दारं नीट मिटतात का ते तपासायचं. शहर त्याला उभंच्या उभं पाठ होतं. आडवं बघायचं तर सुट्टी हवी.

कंपनीत त्यांना सगळे मामा म्हणत. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते, त्यांना बहीणच नव्हती. पण डोक्यावरचे केस गेलेल्या, शांत, दुसऱ्याची पाळी निमूटपणे करून टाकणाऱ्या माणसाला मामा नाही तर काय म्हणायचं? रविवारी सकाळी हे मामा अर्धी चड्डी घालून निघत आणि ऊन चांगलं तापेपर्यंत पळत. नुसतेच पळत असते, तर कुणी काही बोललं नसतं. पोट घटवणारे, डॉक्टरांनी दम दिलेले असे पुष्कळ लोक पळतात. मामांच्या पळण्याला मात्र दर खेपेला विषय लागे.

एकदा त्यांनी बंद पडलेल्या घड्याळांची धाव काढली. गावातली जेवढी सार्वजनिक घड्याळं थांबली होती, तेवढ्यांच्या खालून जायचं, आणि तेही त्यांनी दाखवलेल्या वेळेच्या क्रमाने, म्हणजे एका सकाळीत अख्खा दिवस पळून होतो. त्यापायी स्टेशनसमोरून पुन्हापुन्हा जावं लागलं आणि तिथल्या पोलिसाने यांना हटकलं. एकदा वासांची धाव झाली: बेकरी, लाकडाची वखार, साबणाचा कारखाना, कपडे धुण्याचा कारखाना. एकदा न्हाव्यांची. त्या दिवशी एका न्हाव्याने हे दारात थबकलेले पाहून खुर्ची झटकली, मामांना नाही म्हणवेना, आणि उरलेली धाव त्यांनी गुळगुळीत गालांनी पुरी केली.

सगळ्यांत लांब पडली ती अडकलेल्यांची धाव. ज्या ज्या इमारतीत अडकलेल्या लिफ्टमधून मामांनी माणसं बाहेर काढली होती, त्या सगळ्या इमारतींना वळसा घालायचा. आत अडकलेला माणूस दाराच्या फटीतून मामांशी असं काही बोलतो की जन्माची ओळख वाटावी. बायकोशी अबोला आहे इथपासून सगळं सांगून मोकळा होतो. दार उघडलं की कपडे झटकून चालू लागतो, आणि आठवड्याने रस्त्यात दिसला तर नजर पलीकडे. मामांना याचा राग येत नसे. वाईट मात्र वाटे, आणि पळताना जास्तच वाटे, कारण तेव्हा हातात पाना नसतो.

त्यांच्या जोडीला काम करणारा एक गडी होता, तोंडाचा फटकळ. तो एकदा म्हणाला, "मामा, तुम्ही नक्की कुणापासून पळता हो?"

"कुणापासून कशाला? कुणीतरी बरोबर यावं म्हणून पळतो."

"मग चालत जा की. पळणाऱ्याबरोबर कोण येणार?"

मामा हसले. तरीही शनिवारी त्यांनी त्याला विचारलंच, आणि तो नेहमीप्रमाणे "पुढच्या रविवारी बघू" म्हणाला.

या खुळाची सुरुवात जुनी होती. मुलगी बालवाडीच्या वयाची असताना मामांची बायको घर सोडून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. तिला या घरात करमत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाशी तरी करमत होतं, एवढंच. बॅग उचलून ती दारात म्हणाली, "जाते मी." आता, घरातून निघणारं माणूस 'येते' म्हणतं. कोपऱ्यावर भाजीला निघालेला 'येतो' म्हणतो, महिनाभराच्या प्रवासाला निघालेलाही 'येतो'च म्हणतो. ज्यांना पुन्हा या घराचं तोंडही बघायचं नसतं, ते पाहुणेसुद्धा 'येतो' म्हणूनच चपला घालतात. तीही रोज तेच म्हणायची, फक्त त्या दिवशी नाही म्हणाली. बाई खोटं बोलणारी नव्हती, हे मामा आजही तिच्या बाजूने सांगतात.

त्यानंतर पोरगी सकाळी बालवाडीच्या वाटेवर रोज एकच विचारी, आई कधी येणार. उत्तर काय द्यायचं? मामांनी एके दिवशी तिचं बोट धरून सांगितलं, "आज आपली मोहीम आहे. निळी दारं शोधायची. निळं दार दिसलं की पुढचं वळण." पोरगी निळ्या दारांमागे लागली आणि बालवाडीला उशीर झाला, पण प्रश्न त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसलेली मांजरं शोधली. मग चालण्याचं पळणं झालं, कारण पोरीच्या पायाला भिंगरी होती, आणि बापाला तिच्यामागे धापा टाकत जावं लागे. विषय आता तीच काढायची. शिंकणाऱ्या माणसांची धाव तिचीच. ती मात्र फसली, भर उन्हाळ्यात कुणी शिंकेना.

घरात नियम एकच होता. पोरगी शाळेला निघताना चुकून 'जाते' म्हणाली, की मामा हातातलं टाकून दारात येत.

"काय म्हणायचं?"

"येते."

"हं. ये."

बापाबरोबर अर्ध्या चड्डीत रस्त्यावर दिसणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होण्याचं एक वय असतं. ते तिलाही आलं. मग मैत्रिणी आल्या, परीक्षा आल्या, रविवारची झोप आली. मग नोकरी लागली आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीबरोबर राहायला गेली. मामांनी कधी शब्दाने तक्रार केली नाही. विषय काढायचे, पळायचे आणि संध्याकाळी फोनवर तिला सांगायचे. ती "वा" म्हणायची. ते 'वा' हळूहळू आखूड होत गेलं, हे मामांच्या कानांना कळत होतं.

आणि आता ती परदेशी निघाली होती. चांगली नोकरी, लांबचा देश, परत यायचं कधी ते अजून ठरलेलं नाही. बातमी ऐकून मामा म्हणाले, "छान झालं." दोन दिवस जेवण गेलं नाही, ते वेगळं. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरलेले असताना त्यांच्या डोक्यात विषय आला, आणि तो इतका बरोबर होता की ते तिथेच तेलकट हातांनी खाली बसले. राहिलेल्या घरांची धाव. बापलेक ज्या ज्या भाड्याच्या घरांत राहिली, ती सगळी घरं, आत्ताच्या घरापासून मागे मागे, थेट ती जन्मली त्या खोलीपर्यंत. आणि ही धाव एकट्याने काढायची नव्हती. जायच्या आधी एकदा, एकदाच, पोरगी बरोबर हवी होती. बाकी त्यांना तिच्याकडून काही नको होतं.

गरम कपडे न्यायला ती एका संध्याकाळी आली, तेव्हा मामांनी विषय काढला. ती कपाटात डोकं घालून बसली होती.

"अजून तेच का रे बाबा? गुडघे बघ जरा स्वतःचे."

"सोपी आहे ही. चाललीस तरी चालेल. छापखान्यावरची खोली आठवते का तुला?"

"थोडी थोडी. हा स्वेटर माझाच का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सामानाचं काहीतरी होतं, कुणीतरी खाली गाडी घेऊन थांबलं होतं. कपड्यांची पिशवी खांद्यावर, फोन मानेत, एक पाय बुटात अशी ती दाराशी उभी होती आणि मामा मागे उभे होते.

"रविवारी मग. सकाळी, ऊन व्हायच्या आत. खाली फाटकापाशी."

"हो, हो." हे फोनला होतं की बापाला, देव जाणे. मग ती वळली आणि हसून म्हणाली, "येते बाबा."

"नक्की ना?"

"अरे, येते, येते."

लिफ्ट खाली गेली. मामा दारावरचे आकडे उतरताना बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जोडीदाराला सांगितलं, "रविवारी मुलगी येतेय बरोबर." तो आपला फटकळपणा विसरून म्हणाला, "अरे वा."

रविवारी मामा फाटकापाशी उभे राहिले. हातात पाण्याच्या दोन बाटल्या, खिशात तिची जुनी टोपी, धुतलेली. रस्ता झाडणाऱ्या बाया पुढे निघून गेल्या, पेपरवाला गेला, कुत्री फिरवणारे फिरवून परतले. फोन करायला हात शिवशिवत होते. पण फोन केला तर ती 'नाही रे जमत' म्हणणार, आणि नाही केला तर ती अजून वाटेत असणार. मामांनी फोन खिशातच ठेवला. ऊन फाटकावर आलं तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण हळूहळू सुरुवात करू, ती पुढच्या घरापाशी गाठेल. रस्ता तिला माहीतच आहे.

बसच्या आगाराला लागून असलेली खोली पहिली आली. तिथे पहाटे पहिली बस सुरू झाली की भांडी वाजत, म्हणून त्यांनी कधी गजर लावला नाही. मामा समोरच्या कठड्यावर बसून राहिले. कोपऱ्यावरून येणारी प्रत्येक मुलगी लांबून तीच वाटे.

मग छापखान्यावरची खोली. यंत्र सुरू झालं की खाट हलायची आणि पोरगी झोपेत म्हणायची, "बाबा, घर निघालं." छापखाना बंद झाला होता आणि दाराला कुलूप होतं. मामा तिथे एका बाटलीतलं पाणी प्यायले, दुसरीला त्यांनी हात लावला नाही. रंगाच्या दुकानामागचं घर तर उरलंच नव्हतं, तिथे गाड्या उभ्या होत्या. त्या गाड्यांमध्ये उभं राहून आपलं स्वयंपाकघर नक्की कुठे होतं ते त्यांनी शोधून काढलं. सांगायला बरोबर कुणी नव्हतं. एवढं एकटं त्यांना बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बोट धरायला कुणीतरी होतं.

शेवटची ती जन्मली ती खोली, दुसऱ्या मजल्यावर, बाहेरून जिना. खिडकीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. मामा मान वर करून बराच वेळ बघत उभे राहिले, तेव्हा एक बाई टॉवेल बाजूला सारून डोकावली.

"कोण पाहिजे?"

"कुणी नाही. आम्ही राहायचो इथे. पूर्वी."

"असं होय?" बाई भली होती. "मग बघायचंय का आतून?"

मामांना एकदम संकोच वाटला. घामाने भिजलेला माणूस, अर्धी चड्डी, दोन बाटल्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "येतो."

"या ना, या. जिना डाव्या हाताला. वरची पायरी तुटलीय, जपून."

"नाही, नाही," मामा गडबडले. "येतो म्हणजे... जातो."

बाई हसून आत गेली. मामा तिथेच राहिले, जिन्याखाली. पोरगी पिशवी घेऊन दारात उभी असलेली त्यांना दिसली, एक पाय बुटात. येते बाबा. अरे, येते, येते. शिकवलं होतं त्यांनीच, आणि पोरीने ते शिकवल्याबरहुकूम म्हटलं होतं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी दुसरी बाटलीही पिऊन टाकली, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा धाव संपवून बसने घरी आले.

निघायच्या दिवशी ती भेटायला आली. टॅक्सी खाली थांबली होती. विमानतळावर यायचं नाही, असं तिने आधीच बजावलं होतं. चहा झाला. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "झाली का रविवारची धाव?"

"झाली."

"कोण होतं बरोबर?"

सांगायचं नाही असं मामांनी ठरवलं होतं. पण तोंडातून निघून गेलं. "तू येते म्हणाली होतीस ना."

"मी?" ती बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "बाबा, मी निघत होते रे तेव्हा. येते म्हणजे..."

"हो, हो. माझ्याही आलं लक्षात. नंतर."

"किती वेळ थांबलास?"

"नाही फारसा," मामा म्हणाले. कपबशा उचलायला ते आत गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले.

ती लिफ्टपाशी आली तेव्हा डोळे पुसलेले होते. हातात बॅग होती. मामांनी बटण दाबलं. लिफ्ट वर येत असताना ती एकदम निश्चय केल्यासारखी त्यांच्याकडे वळली. बापाने पुन्हा कधी असं फाटकापाशी उभं राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आई त्या दिवशी काय म्हणाली होती, हे तिला आठवणं शक्यच नव्हतं.

"बाबा, या वेळी नीट सांगते. तू उगाच थांबू नकोस." तिने बॅग उचलली. "जाते मी."

लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं, आतला दिवा त्यांच्या पायांवर पडला. मामांनी दारावर हात ठेवला, मिटू दिलं नाही.

"काय म्हणायचं?"

"अरे, पण मग तू वाट बघशील."

"बघीन," मामा म्हणाले.

ती आत गेली. मामांनी हात काढला.

"येते," ती म्हणाली.

"हं," मामा म्हणाले, "ये." पण तोवर दार मिटलं होतं.