ब्रेंडाची शांतता आणि माझं ब्लेड

हेडफोन काढून ब्रेंडाने विचारलं, "ही बाई कसल्या घाईत आहे?"

ती बाई म्हणजे ती स्वतःच. घाई मात्र माझी होती.

गोष्ट १९७०च्या आसपासची, इंग्लंडमधल्या लेस्टरची. एका छोट्या रेडिओ स्टेशनवर मी टेप एडिटर होतो. तेव्हा एडिटिंग म्हणजे अक्षरशः कापाकापी. टेपवरचा नको तो भाग रेझर ब्लेडने तिरका कापायचा आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची. मुंबईत मला शिकवणारे म्हणायचे, आवाज थांबला की ऐकणारा रेडिओला थापट्या मारायला लागतो. हे मी इतकं मनावर घेतलं होतं की माझ्याच लग्नात भटजी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा माझे हात शिवशिवले.

ब्रेंडा मोज्यांच्या कारखान्यात मशीनवर कामाला होती आणि कविता करायची. आमचा प्रोड्यूसर रॉन तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तिचं वाचन टेप करून आला होता. लंडनच्या एका प्रकाशकाला कविता आवडल्या होत्या, पण पुस्तक काढायचं की नाही हे तो तिचं वाचन ऐकून ठरवणार होता. रॉन त्याच दुपारच्या ट्रेनने टेप घेऊन निघणार होता. जाण्याआधी जरा साफ कर, म्हणाला. मी केली. ब्रेंडा ओळींमध्ये फार थांबायची, ते सगळं काढलं. कविता कशी बातम्यांसारखी सुटसुटीत झाली. शाबासकीच्या आशेने, लंच ब्रेकमध्ये आलेल्या ब्रेंडाला मीच ती ऐकवली.

मग तिला रेडिओचा नियमही समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"डक," ती म्हणाली. (लेस्टरमध्ये प्रेमाने कोणालाही बदक म्हणतात.) "दिवसभर मशीनचा खडखडाट. धागा संपला की ते थांबतं. नवं रीळ लावेपर्यंत मला पुढची ओळ सुचते. तू माझं मशीन थांबूच देत नाहीस."

पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. तिला कामावर परतायचं होतं, रॉनची टॅक्सी यायची होती. रॉनने एवढंच विचारलं, "तुकडे कुठे आहेत?"

केराच्या टोपलीत. तिथेच एका नगरसेवकाच्या गटारांवरच्या मुलाखतीतून सकाळी कापलेले तुकडेही पडले होते. तोही बोलताना बराच अडखळायचा.

कोरी टेप जोडून भागत नाही. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा बारीक आवाज असतो. तो एकदम गेला की ऐकणाऱ्याला विहिरीत पडल्यासारखं वाटतं. म्हणून मी गुडघ्यांवर बसून टोपली उपसली आणि आयुष्यात पहिल्यांदा शांतता लक्ष देऊन ऐकली. मोठी गमतीची चीज आहे. फ्रिजची घरघर असली की ब्रेंडा. घड्याळाची टिकटिक असली की नगरसेवक. ब्रेंडा डोळे मिटून सांगत होती, हा आईच्या ओळीनंतरचा, तो शेवटच्या कडव्यातला. कशावरून, म्हटलं, तर म्हणाली, धागा बदलून बघ, कळेल.

सगळे लागले. शेवटच्या ओळीआधीचा तेवढा सापडेना. रॉन कोट घालून दारात उभा. मी नगरसेवकाचा हातभर तुकडा उचलून तिला ऐकवला.

"टिकटिक येतेय," ती म्हणाली.

"येतेय."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"लाव."

पुस्तक निघालं. मग आणखी निघाली. पुढे कारखाना सोडून ती कॉलेजात शिकवायला लागली. ते पहिलं रेकॉर्डिंग अधूनमधून लागायचं. एकदा एका समीक्षकाने रेडिओवर सांगितलं, की शेवटच्या ओळीआधी ऐकू येणारं घड्याळ म्हणजे कामगारांच्या चोरलेल्या वेळाचं प्रतीक आहे. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. ब्रेंडा होती. "कुठे बोलू नकोस हं, डक," म्हणाली आणि हसत सुटली.

तेव्हापासून मी कापलेलं लगेच फेकत नाही. आणि नगरसेवकाची मुलाखतही सगळी वाया जात नाही. तो बोलत नसतो, तेवढी कामाला येते.