कोपरा फाडलेलं कार्ड
“शिवला गं, पोराच्या डोक्याला कावळा शिवला!” सासूबाई परसात ओरडल्या, तशी माझ्या हातातली बादली पडली. त्या उन्हाळ्यात नळ दिवसाआड यायचा, तरी भांडी विसळलेलं पाणी घालून मी शेवगा जगवला होता, बुडाशी मातीच्या परळात पाखरांना पाणी ठेवत होते. शेवग्यावर कावळ्याची पिल्लं होती, माझं रांगतं पोर खाली गेलं म्हणून कावळा झडपला, एवढंच! पण सासूबाई म्हणजे मोठ्या शहाण्या. “माहेरी कार्ड टाक, पोर गेलं म्हणून. ते रडले की पोरावरचं मरण टळतं.” मी म्हटलं, “मग तुमच्या लेकीला कळवा की!” तर म्हणतात, “तिला कशाला उगाच रडवायचं?” बघा अक्कल! नवरा ऑफिसात ढीगभर कागद लिहिणारा, तो म्हणाला, “माझ्यानं नाय लिहवत, तूच लिही,” आणि गेला पान खायला. मी सातवी शिकलेली, लय भ्याले, लिहिलं. सासूबाईंनी वाईट बातमीच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा फाडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सटाण्याहून वडील आले, पायात चप्पल नाय. पोर माझ्या मांडीवर भाकरी चोखत होतं. वडलांनी त्याला चाचपून पाहिलं, मग खिशातून कार्ड काढलं. “अक्षर तुझंच ना, बाई?” पाणीसुद्धा न पिता परत गेले. आजही परळात पाणी ओतलं, ओल्या मातीचा वास आला, की मला सासूबाई नि नवऱ्यापेक्षा माझीच जास्त किळस येते. पण पोर तुमचं असतं, तर तुम्ही नसतं लिहिलं?