सातुर्निनाबाईंची कवळी

सान कामिलोच्या बाजारात माझा रसाचा गाळा आणि सातुर्निनाबाई कायाता यांचं आइस्क्रीमचं पिंप शेजारी शेजारी आहे, गेली बावीस वर्षं. बर्फाच्या बादलीत पिंप गरागरा फिरवायचं, कडेला धरलेला दुधाचा थर खरवडायचा, वर दालचिनी भुरभुरायची. बाई जिभेच्या तिखट, पण मापाला चोख. वरचे पुढचे दात एकेक करून पडले, तसं त्या हसताना शालीचं टोक तोंडापुढे धरायला लागल्या. शेवटी साठवलेले पैसे, अठराशे सोल, घेऊन त्या दोन गल्ल्या पलीकडच्या दातांच्या दवाखान्यात गेल्या आणि कवळी करून आल्या.

ती कवळी म्हणजे शिक्षाच होती. हिरड्या सोलून निघाल्या, बोलताना टकटक वाजायची. चार दिवसांनी बाई ती घेऊन परत गेल्या, सोबत मी. दवाखान्याचा मालक बुस्तिन्सा, अंगाला अत्तराचा घमघमाट. त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"माय, तुम्ही कशाला त्रास करून घेता? कवळी ठेवून जा. पंधरा दिवसांत सगळे पैसे परत. एक सोलही कापणार नाही."

"लिहून दे," बाई म्हणाल्या.

त्याने हसत हसत लिहून दिलं, वर शिक्काही मारला. कवळी त्याने तशीच, न धुता, खणात टाकली. मला तेव्हाच कसंतरी झालं.

पंधरा दिवस झाले. मग "मंगळवारी या". मग "साहेब लिमाला गेलेत". साहेब आतल्या खोलीत खिदळत होते, आम्हाला ऐकू येत होतं. चौथ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने हात वर केले.

"तोंडात गेलेली वस्तू परत घेत नाहीत, तसा नियम आहे. वापरलेली कवळी आम्ही कुणाला विकणार? ही घ्या तुमची. आणि साहेबांनी तुमच्यासाठी खास हे कुपन दिलंय."

कुपन होतं दात पांढरेशुभ्र करून घेण्याचं. पुढचे दातच नसलेल्या बाईला!

सातुर्निनाबाईंनी कवळीची प्लास्टिकची पिशवी उजेडात धरली. त्यांचा चेहरा बघून मीही वाकले. कवळीच्या एका दाताला सोन्याची कड होती. फटींमध्ये, आमच्याकडे तंबाखूसारखी चघळतात त्या कोकाच्या पानांचा हिरवा राप बसला होता, आणि तळाशी कसलासा वाळका घास चिकटलेला.

"ही माझी नाही," बाई हळूच म्हणाल्या. "फेलिसा, ही दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातली आहे."

बाहेर येऊन त्या गटारापाशी ओकल्या. मी पाठ चोळत राहिले. यांची कवळी कुठे गेली मग? ती कुणाच्या तोंडात बसवली? याचं उत्तर दोघींनाही नको होतं.

कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन अर्ज लिहून देणारे म्हातारे आबेलार्दो रोज माझ्याकडे पपईचा रस प्यायला येतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि ग्लास खाली ठेवला.

"आरडाओरडा केला का?"

"नाही."

"छान. पिशवी फेकू नका, धुऊ नका. शिक्क्याचा कागद जपा. आधी त्यांच्याच दुकानातल्या तक्रारवहीत लिहा. ती ठेवणं त्यांना सक्तीचं आहे. नक्कल मागून घ्या. उत्तर धड आलं नाही तर ग्राहक कार्यालय, तिथे समेटाचा अर्ज फुकट असतो. तिथेही भागलं नाही तर पुढे रीतसर फिर्याद. वकील लागत नाही, बाई. चिकाटी लागते."

तक्रारवही मागितल्यावर ती मुलगी म्हणाली, "वही संपलीय."

बाईंनी भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय की वही आहे. नाही म्हणालीस तर तेही लिहून दे, सहीसकट."

वही निघाली. कोरी करकरीत.

दवाखान्याचं उत्तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलं: कवळी तक्रारदाराचीच आहे, आरोग्याच्या कारणास्तव परतावा देता येणार नाही. शिक्क्याच्या कागदाबद्दल अवाक्षर नाही. आबेलार्दोंनी ते दोनदा वाचलं. "माझ्या नातवालाही यापेक्षा बरं खोटं बोलता येतं," ते म्हणाले. त्यांनीच अर्ज टाइप केला आणि पैशांऐवजी रस प्यायला.

समेटाच्या बैठकीला बुस्तिन्सा वकिलाला घेऊन आला. समोर तेखादा नावाच्या अधिकारी बाई. वकिलाने आरोग्य, जंतू, नियम असं बरंच ऐकवलं.  मग सातुर्निनाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली.

वकिलाने नाकाला रुमाल लावला. "हे उचला इथून! काय किळसवाणं!"

"तुम्हाला बघवत नाही," बाई म्हणाल्या, "आणि मला म्हणत होतात तोंडात घाल." त्यांनी सगळ्यांसमोर आ वासला. "बघा ताई. वर मागे माझ्या दोन दाढा शाबूत आहेत. ही अख्खी कवळी आहे. माझ्या तोंडात बसणार कुठे?"

अधिकारी बाईंनी खरंच उठून पाहिलं. मग बुस्तिन्साला विचारलं, "यांची कवळी कुठे आहे?"

 तो सातुर्निनाबाईंकडे वळून म्हणाला, "माय, आपण आपसात मिटवू."

"मला माय म्हणू नकोस. माझ्या पोटी असलं जन्मलं नाही."

सात दिवसांत अठराशे सोल परत द्यायचं त्याने सहीनिशी कबूल केलं, आणि पैसे आलेही. अधिकारी बाईंनी पिशवी ठेवून घेतली, आरोग्य खात्याला कळवते म्हणाल्या. महिन्याभराने दवाखान्यात तपासणी झाली. आठवडाभर शटर खाली होतं, मग परत वर गेलं. बुस्तिन्सा अजून रस्त्यात हसून नमस्कार करतो. बाई जमिनीवर थुंकतात.

विद्यापीठाच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर स्वस्तात चांगले दात बसवतात, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. एकदा तर हाताला धरून नेलं. शिकाऊ मुलीने माप घ्यायला मऊ मेणाचा साचा तोंडाजवळ आणला आणि बाई खुर्चीतून उठल्याच.

"पैसे मिळाले, फेलिसा," येताना त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याचं काहीतरी तोंडात आहे असं मला अजून वाटतं. सकाळी उठले की आधी चूळ भरते. पाच-पाच वेळा."

आता त्या मक्याची लापशी आणि कुस्करलेला बटाटा खातात.