थंड गाडी आणि आमचे साहेब

मला लिहायची सवय नाही, आणि माणसाबद्दल वाईट लिहायची तर मुळीच नाही. पण बायकोच्या थोरल्या भावाबद्दल चांगलं लिहायला बसलो, तर कागद कोराच राहील.

घरात त्यांना सगळे साहेब म्हणतात. एका कारखान्याच्या वाहन विभागात तीस वर्षं खिडकीशेजारी बसून त्यांनी ड्रायव्हरांना गाडी कशी चालवावी हे शिकवलं. स्वतः चालवायची वेळ आली की त्यांची कंबर धरायची. निवृत्तीनंतर ड्रायव्हर सुटले आणि नातेवाईक तावडीत सापडले. आमचा पाण्याचा पंप त्यांनी एकदा दुरुस्त केला; महिन्याभरात आम्ही नवा घेतला.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेव्हणी, इस्पितळात नर्स आहे. पाळी सकाळी सातची, आणि त्या वेळी तिकडे बस नाही. नवऱ्यामागे राहिलेली बावीस वर्षांची ऑटोमॅटिक गाडी हाच तिचा आधार. थंडीत ती गाडी सकाळी हट्टाला पेटते. इंजिन ओरडतं, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडून बसते, आणि वाटेतला पूल आला की तेव्हा कुठे वरचा गिअर घेते. गिअरचं तेल गार असताना घट्ट असतं. ते तापेपर्यंत जुनी गाडी वेळ घेते, एवढंच. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, त्यामुळे डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक बारीक टायपासकट वाचलं होतं.

साहेब एकदा तिच्याबरोबर पुलापर्यंत गेले आणि परत येऊन निकाल दिला: गिअरबॉक्स गेला, गाडी भंगारात काढा. तरी बहिणीच्या समाधानासाठी एक उपाय करून बघणार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी थंड गाडीचं बॉनेट उघडून गिअरचं तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. तिच्यावर दोन खुणा असतात, खालची गार तेलाची, वरची गरम तेलाची, कारण तेल तापलं की फुगतं. साहेबांनी वरची खूण पाहिली आणि ती गाठेपर्यंत तेलाचा डबा उपडा केला.

मी शेजारीच होतो. म्हणालो, "हे तेल गाडी तापल्यावर बघायचं असतं, बहुतेक."

"जावईबापू," ते डबा हलवत म्हणाले, "तुम्ही आपल्या काना-मात्रा बघा."

'बहुतेक' माझंच होतं, पुस्तकात नव्हतं.

त्याच सकाळी पुलापलीकडे फेसाळलेलं तेल उसळून सायलेन्सरवर सांडलं आणि धुराचा लोट उठला. मेव्हणी उरलेली वाट पायी गेली आणि पाऊण तास उशिरा पोचली. संध्याकाळी साहेब तृप्त चेहऱ्याने म्हणाले की आपण सांगत होतोच, उद्या भंगारवाला येतोय.

ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळली. "भाऊजी, सकाळी तुम्ही काय म्हणत होता? नीट सांगा."

मी पुस्तक आणलं आणि ते पान वाचून दाखवलं, या वेळी 'बहुतेक' न घालता. भंगारवाल्याच्या जागी मेकॅनिक आला. त्याने जास्तीचं तेल काढलं, सायलेन्सर पुसला आणि विचारलं, "हा शहाणपणा कुणाचा?" साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला.

गाडी आजही पुलापर्यंत कुरकुरते आणि सातच्या आत इस्पितळात पोचते. साहेब हल्ली भेटेल त्याला सांगतात की पट्टी गाडी तापल्यावरच बघावी, अडाणी लोक थंड गाडीत बघतात. परवा मलाही सांगितलं.

मी म्हणालो, "बहुतेक."