सोपाची गाठ
केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी कुणी घरी आणली, की त्या वासासरशी मला कळंबच्या किनाऱ्यावरचं ते कॉटेज आठवतं. वीसेक वर्षं झाली असतील. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी मालकाने अंगणातल्या पिंजऱ्यात एक माकड ठेवलं होतं. आमच्यासारखी शिकलीसवरलेली माणसं सुकेळ्यांची बांधलेली पुडी आत टाकायची आणि ते केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीची, दोरी न तोडता नखाने गाठ कसं सोडतं, ते बघून हसायची. खाऱ्या हवेने पिंजऱ्याची कडी गंजून गळून पडली होती, म्हणून मालकाने दारही तसल्याच दोरीने बांधलेलं. दुपारी सगळे जेवत असताना माकडाने गजांतून हात बाहेर काढला आणि शांतपणे ती गाठ सोडायला घेतली. मी पाहिलं आणि मूर्खासारखी ओरडले, “अहो, माकड सुटतंय.” मालक पक्कड घेऊन आला आणि त्याने दाराला तार पिळली. “हुशार हाय, म्हनून तर ठेवलंय,” तो निर्लज्ज कौतुकाने म्हणाला. संध्याकाळी मी पुडी पुढे केली, तर माकडाने माझ्याकडे बघत पान दातांनी फाडलं. गाठीला हातसुद्धा लावला नाही. त्या माणसाचा राग मला अजून येतो, पण हाक मीच मारली होती.