सूनबाईची कुलपं

आमच्या सूनबाई हवेचा धंदा करतात. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून नीट सांगतो. मोठ्या सभागृहांतली कोंदट हवा बाहेर टाकणारी आणि ताजी आत घेणारी यंत्रं ती बसवते. बाहेर जाणारी हवा जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देते, पण दोघी एकमेकींत मिसळत नाहीत. हे कळलं तेव्हा मी आमच्या मंडळींना म्हटलं, "बघ, एका घरात दोघींनी कसं राहावं ते." त्या दिवशी मला दुपारचा चहा मिळाला नाही.

मी जन्मभर प्लंबर. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान बंद केलं, तर सूनबाईने मला कामावर घेतलं. यंत्रात साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी माझी, आणि विजेची बाजू चिरंजीवांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. घरात मी बाप असेन, कामावर आम्ही दोघेही तिचे ताबेदार.

बाई कामात भलती कडक. क्रेनने यंत्र गच्चीवर चढत असलं की खाली चिटपाखरू फिरकू देत नाही. एकदा एक बडा ठेकेदार फोनवर बोलत लोंबत्या यंत्राखालून निघाला, तर त्याला चारचौघांत असं झापलं की तो मुकाट्याने लांबच्या वाटेने गेला. मला तर फार बरं वाटलं.

पण तिचं खरं वेड कुलपांचं. यंत्रात शिरायचं तर आधी खालचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपापलं कुलूप ठोकायचं. किल्ली आपल्याच खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानेच काढायचं. माणूस आत असताना पंखा फिरला तर हात जागेवर राहत नाही, कधीकधी माणूसही राहत नाही. माझं कुलूप लाल. मी चिडवायचो, "अगं, तुझ्या सासूने साखरेच्या डब्यालासुद्धा इतकी कुलपं लावली नाहीत."

"त्यांच्या डब्यात कुणाचा हात तुटत नाही, बाबा," ती म्हणायची.

आता माझी ख्याती सांगतो. मी विसरभोळा. नातीला शाळेतून आणायला निघालो आणि भाजी घेऊन परत आलो, हे घरात अजून पाहुण्यांना रंगवून सांगतात. कुलूप काढायचंही दोनदा राहिलं होतं. दोन्ही वेळा मला घरून बोलावून घेतलं, आणि चिरंजीवांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं.

एका सभागृहाचं काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी तिथे गाण्याचा कार्यक्रम होता. सगळ्यांची कुलपं निघाली, मी चहाला गेलो. कप तोंडाला लावला आणि आठवलं, नळीच्या वाकड्या भागात पाणी भरायचंच राहिलं! तो कोरडा राहिला तर पंखा नळीतून हवा ओढतो, पाणी आतच तुंबतं आणि मग छतातून प्रेक्षकांच्या डोक्यावर टपकतं. कुणाला सांगितलं असतं तर चिरंजीवांचं "विसरलात ना?" ऐकावं लागलं असतं. गुपचूप मागच्या दाराने परत गेलो, मेन बंद करून लाल कुलूप लावलं, पाण्याची बाटली घेऊन गच्ची गाठली आणि यंत्रात शिरून पंख्याशेजारी पोटावर आडवा झालो.

हवेच्या पाइपमधून खालचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं. कुलूप कुणाचं, म्हणून व्यवस्थापक ओरडत होता. "लोक दारात आलेत. तोडा ते!"

"बाबांचं आहे," चिरंजीव म्हणाले. "मी त्यांना चहाच्या दुकानात पाहिलंय. विसरले असतील, नेहमीचंच. थांबा, कटर आणतो."

"अरे, मी आत आहे!" असं ओरडलो, पण खाली खुर्च्या ओढत होते. मागे सरकायला गेलो तर गुडघा आखडला.

"कुलूप तुटणार नाही," सूनबाईचा आवाज आला.

"अगं, आत्ताच फोन लावला. चहावाल्याने उचलला. फोनसुद्धा तिथेच विसरलेत!"

"फोन विसरले असतील. कुलूप आहे म्हणजे बाबा आत आहेत. मी वर बघून येते, तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि कटर इकडे द्या."

ती वर आली ती हातात कटर घेऊनच. टॉर्चच्या उजेडात आधी माझे पाय दिसले असणार. मला धरून बाहेर काढलं, माझे दोन्ही हात उजेडात धरून पाहिले, आणि मग मटकन खाली बसली. मला रडू आलं. सगळ्या घरादाराचा माझ्या विसरण्यावर विश्वास, आणि मला आठवलं असेल असं मानणारी ही एकटीच.

"पाणी भरलं का?" तिने विचारलं.

"भरलं."

खाली आलो. चिरंजीव मान खाली घालून उभे. मी किल्ली काढली, पण हात असा थरथरत होता की ती भोकात जाईना. व्यवस्थापक घड्याळ बघत पुढे झाला, "द्या इकडे, मी उघडतो."

सूनबाईने त्याला हाताने अडवलं. "त्यांचं कुलूप आहे," ती म्हणाली. "तेच उघडतील. आपण थांबू."

आणि सगळे थांबले.