बोअरिंगच्या पाण्यातली अष्टपुत्री

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ताईने मला फोन केला आणि हॉल, जेवण, आमंत्रणं सगळं बाजूला ठेवून आधी विचारलं, "अष्टपुत्री मामाकडून, लक्षात आहे ना?" आमच्याकडे नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत. दुकानात जायचं, पिवळी दाखवा म्हणायचं आणि पिशवी घेऊन यायचं, एवढंच मामाचं काम. पण भाची नोकरीसाठी पुण्याला राहते आणि तिकडे नको ते शिकते. लग्न ठरलं म्हणून घरी आलेली होती, ताईच्या हातून फोन घेऊन म्हणाली, "मामा, दुकानातली नको हां. झाडाच्या रंगात रंगवलेली दे."

"मग मीच रंगवतो," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. पलीकडून भाचीने "तू?" असं दोनदा विचारलं. इकडे भाजी निवडणारी बायको हातातली गवार तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. घरात सगळ्यांना माहीत होतं की मला रंग नीट कळत नाहीत.

आमच्या जयगडच्या बाजूला घरटी कोणीतरी बोटीवर असतो. वडील होते, मीही जाणार हे धरूनच चाललेलं. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि आकडा विचारला. मला ठिपके दिसले. त्यांनी पान उलटलं, तिथेही ठिपकेच. मला वाटलं माणूस माझी चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. बोट तिथेच सुटली आणि मी बंदरात स्टोअर सांभाळायला लागलो. बोटींवरचा लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला हे मी अजूनही दिव्याच्या जागेवरून ओळखतो.

पण पिवळा मला दिसतो. निळा आणि पिवळा हे माझे भरवशाचे दोन रंग. ताईने लाल शालू मागितला असता तर मी निमूट दुकानात गेलो असतो. पिवळं म्हटल्यावर माझी छाती फुगली, दुसरं काय.

देवरुखच्या बाहेर एक बाई झाडांच्या रंगात कापड रंगवायला शिकवतात. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, अंगणात पत्र्याची शेड घातलेली, चुलींवर मोठाली पातेली. मी रविवारी मोटारसायकल काढून जायला लागलो. शिकणाऱ्या सगळ्या बायका, पुरुष मी एकटा. मला वाटलेलं की याची काही कृती असेल, एवढं वजन, एवढं पाणी, एवढा वेळ. स्टोअरमधल्या माणसाला असंच सुचणार. बाई म्हणायच्या, "हिरड्याची पूड मूठभर घ्या." कोणाची मूठ? "पाणी कोमट झालं की कापड सोडा." कोमट म्हणजे किती? "बोट घालून बघा." मी बोट घातलं, भाजलं. बाई म्हणाल्या, "हे जास्त झालं." एकदा मी वैतागून विचारलं की कापड पुरेसं शिजलं हे ओळखायचं कसं. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही नक्की कधीच कळत नाही. उद्या सुकलं की बघू." म्हणजे शिकवणाऱ्यालाही माहीत नाही आणि शिकणाऱ्यालाही नाही, आणि तरी सगळे आनंदात.

पहिलाच धडा लाखेचा होता. कुसुंबाच्या फांदीवर बारीक किडे आपल्याभोवती कवच करतात, ते खरवडून, कुटून, पाण्यात भिजवायचं. मी मन लावून कुटलं. पाणी गाळलं तशा सगळ्याजणी एकदम ओरडल्या, "अय्या, काय लाल आलंय!" माझ्यासमोर गढूळ पाणी होतं. मीही "वा!" म्हटलं. मग बाईंनी त्यात चिमूटभर काहीतरी टाकलं आणि म्हणाल्या, "आता बघा कसं फिरलं!" पुन्हा आरडाओरडा. मी वाकून बघितलं, पाणी होतं तसंच. सकाळभर माझ्या नाकासमोर काहीतरी मोठं घडत होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. घरी येताना वाटेत मला स्वतःचाच राग आला.

पुढच्या रविवारी मी बाईंना खरं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, चक्रावल्या. "मग इथे कशाला आलात?" मी भाचीची साडी सांगितली. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "पिवळाच करा. फणस तुम्हाला फसवणार नाही." फणसाच्या लाकडाचा भुसा उकळला की पिवळा रंग सुटतो. कापड आधी रिठ्यात उकळून खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग तुरटीत, आणि शेवटी फणसात. मी बाईंच्या शेडमध्ये तुकड्यांवर तुकडे रंगवले. बाई म्हणाल्या पिवळे, बायका म्हणाल्या पिवळे, आणि मलाही पिवळेच दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं आणि बाकीच्या जगाचं एकमत झालं होतं.

खरी साडी मी घरी रंगवायला घेतली, लग्न तोंडावर आलं तेव्हा. बायको मदतीला ताईकडे देवरुखला जाऊन राहिली होती. मे महिना, विहिरीत बालदी बुडत नव्हती. मी बोअरिंग चालू केलं आणि परसात चूल मांडली. रिठा, हिरडा, तुरटी, फणस, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. साडी कोरी, सुती, बिनकाठाची होती. वाळत घालताना पदराचा कोपरा एका खिळ्याला अडकून फाटला. बायको नव्हती, म्हणून मीच सुई घेतली. मला येते ती पोत्याची शिवण. शेवटी गाठ मारली ती मुगाच्या दाण्याएवढी झाली. साडी मात्र अशी पिवळी दिसत होती की मी खुर्ची टाकून तिच्यासमोर चहा प्यायलो.

ताईच्या घरी मी ती ओटीवर उलगडली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं भारावून गेल्या असतील. मग बायको हळूच म्हणाली, "अहो, पाणी कुठलं घेतलंत?"

"बोअरिंगचं. विहीर आटलेय ना."

तिने कपाळाला हात लावला. "त्या पाण्यात मी कधी तुमचा पांढरा सदरा तरी धुते काय?"

धूत नव्हती. उन्हाळ्यात पांढरे कपडे शेजारच्या विहिरीवर नेऊन धुवायची आणि मी ते तिचं खूळ समजायचो. जांभ्यातून येणाऱ्या त्या पाण्यात लोखंड असतं, बालदीला तांबडी कड धरते, हे घरात सगळ्यांना दिसतं. मला ती कड कधी दिसलीच नव्हती. आणि हिरड्याला लोखंड लागलं की काळं होतं, हे बाईंनी सांगितलेलं मला आठवत होतं, पण ते लोखंड आपल्या नळातून येतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे दिसतेय कशी?" मी विचारलं.

"मेल्या, पावसातल्या दगडी गडग्यासारखी," ताई म्हणाली. "शेवाळी."

मी साडी उचलून अंगणात उन्हात नेली. पिवळी. सावलीत धरली, तरी पिवळी. हे पिवळं नसेल तर मग आजवर मी ज्याला पिवळं म्हणत आलो ते काय होतं? दाराशी शेवंतीची कुंडी होती, तिच्याकडे बघायचीही मला भीती वाटली. रडू येत होतं आणि राग कोणावर काढावा ते समजत नव्हतं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लोखंड हिरड्याला धरलं की सोडत नाही, आता दुसरी घ्या.

ताईने संध्याकाळी बाजारातून दुसरी आणलीसुद्धा. सुती, बिनकाठाची, साधी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्याच नावाने देऊ रे. कोणाला कळणार आहे?" ज्याला कळणार नाही तो मीच, हे बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिने जीभ चावली. भाची तेवढ्यात पार्लरमधून आली. सगळं ऐकून घेतलं, दोन्ही साड्या उचलल्या आणि खोलीत गेली. आतून कडी लावली. मला विचारायचा धीर झाला नाही.

लग्नाच्या दिवशी नवरीला बोहल्यावर आणायला मामानेच जायचं असतं. मी खोलीचं दार ढकललं. भाची उठून उभी राहिली. हार, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि पिवळी साडी.

कुठली पिवळी? मी बघत राहिलो. एकीवर जीव ओतला होता, दुसरी बाजारातली, आणि समोर आहे ती कुठली हे मामाला सांगता येईना. हॉलमध्ये शिरलो तशा पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. साडीवरून बोलत होत्या की नवरी सुंदर दिसते म्हणत होत्या, काही कळेना. भाचीचा चेहराही वाचता येईना. एका हाताने मी तिचा हात धरला होता. दुसऱ्या हाताने, पदर सारखा करतोय असं दाखवत, मी त्याचा कोपरा चाचपायला लागलो. आधी चुकीचा कोपरा हाताला लागला. तो गुळगुळीत होता. मी बोटं दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकवली.

भाची मान खाली घालून, ओठ न हलवता म्हणाली, "शोधू नको रे मामा. तीच आहे."

भटजींनी अंतरपाट धरला. मी तिच्या मागे उभा राहिलो. गाठ अंगठ्याखाली आली होती, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मी ती सोडली नाही.